आखाडेवाडा नेमका कुठे

९ फेब्रुवारी

आज निशिगंधा आली. शेजारच्या सालेकरांची मुलगी. वकिली शिकली आणि पोलादपूरच्या एका संस्थेत डोंगरातल्या लोकांचे वनहक्काचे दावे तयार करते. ही वही तिनेच दिली. म्हणाली, "काका, रोज काय काम केलंत ते यात लिहा. पुढं उपयोगी पडतं."

चौतीस वर्षे मी मोजणीच्या कार्यालयात आरेखक होतो. नकाशांच्या नकला काढल्या, वही कधी ठेवली नाही. हिला, माझ्या बायकोला, जाऊन आज सत्तावीस दिवस झाले. तेव्हापासून मी काही केलेले नाही, म्हणून हो म्हटले.

निशिगंधा जाताना म्हणाली, "काकूंनी डिसेंबरातच सांगून ठेवलं होतं, ह्यांना काहीतरी काम दे, काम असलं की ते वेळेवर जेवतात." मला थोडे हसू आले. माझ्या जेवणाच्या वेळांबद्दल हिची कायम तक्रार असे. दवाखान्यातही तेच बोलत बसली असणार.

१२ फेब्रुवारी

काम समजून घेतले ते असे. करंजदरे गावाच्या वर डोंगरात आखाडेवाडा म्हणून धनगरांची वाडी आहे. पाच घरे, चाळीसएक म्हशी. जमीन वनखात्याची. हक्क मिळायचा तर तीन पिढ्यांपासून, म्हणजे पंचाहत्तर वर्षांहून जास्त काळ तिथे राहिल्याचा पुरावा लागतो. त्यांच्याकडे कागद नाही. जुन्या नकाशात वाडी दाखवलेली असेल तर तो पुरावा धरतात. हक्क नाही मिळाला तर चराई बंद होईल आणि पाचही घरांना खाली उतरून बिरवाडीला खोल्या घ्याव्या लागतील. एका घरातला रायबा आधीच तिथे राहून कारखान्यात जातो.

नकाशे दोन आहेत. एक जुना इंची नकाशा, १९२३-२४ च्या हंगामातला. त्यात जमिनीवरचा एक मैल म्हणजे कागदावर एक इंच. दुसरा गाव नकाशा, त्याच्याही आधीचा. त्यात तोच मैल आठ इंच होतो. एकात जे आहे ते दुसऱ्यात कुठे, हे शोधायचे आणि दोन्ही ठिकाणी आजची घरे दाखवायची. माझ्या सवयीचे काम आहे.

भिंग कपाटात होते. हिने ते मऊ फडक्यात गुंडाळून ठेवले होते.

२० फेब्रुवारी

ओढे जुळले. खिंड जुळली. वाकडी वाट मोजायला दोरा लागतो. हिच्या शिवणाच्या डब्यात लाल रीळ होते, ते घेतले.

२ मार्च

इंची नकाशात "आखाडेवाडा" हे नाव स्पष्ट आहे. मला फार बरे वाटले. पण नावाशेजारचे टिंब आजच्या घरांपासून दीड किलोमीटर दूर, मधल्या दांडाच्या, म्हणजे डोंगराच्या सोंडेच्या, पलीकडे पठारावर पडते. निशिगंधाने तिथे जाऊन फोनवर नोंदवलेली आजच्या घरांची जागा दिली आहे, ती चुकलेली नाही.

दोन दिवस विचार केला. शंभर वर्षांपूर्वीचा मोजणीदार, डोंगराळ मुलूख, धुके. त्याची चूक झाली असणार. नाव तेच आहे, तर वस्तू तीच. मी टिंब आजच्या घरांवर घेतले.

गाव नकाशात झऱ्याजवळ तीन झोपड्यांच्या खुणा आहेत. नाव काही नाही. गुरांचे गोठे असतील. लहान नकाशात अशा गोष्टी आपण गाळतोच, म्हणून गाळल्या.

११ मार्च

दावा दाखल झाला. कोंडाजी आखाडे आणि त्यांची सून राहीबाई निशिगंधाबरोबर घरी आले होते. कोंडाजी ऐंशीच्या आसपास असतील. राहीबाई पंचावन्नच्या, रायबाची आई. दह्याचा डबा आणला होता. मी त्यांना पुढच्या खोलीत बसवले. चहा निशिगंधाच्या घरून आला. मी सध्या तिथूनच घेतो, त्या लोकांचे उपकार आहेत.

कोंडाजी नकाशाकडे बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "सायब, ह्यात आमच्या म्हशी दिसत नायत."

राहीबाई म्हणाल्या, "मामंजी, म्हशी कागद खातील, म्हणून सायबांनी भाईर ठेवल्यात."

किती दिवसांनी या घरात कोणी मोठ्याने हसले.

१६ एप्रिल

महाडला दावे तपासणाऱ्या समितीपुढे सुनावणी झाली. जे झाले ते लिहितो.

समितीतल्या बाईंनी माझा नकाशा कोंडाजींपुढे सरकवला. ओढे, कडे, झरा सगळे रंगवले होते, त्यांना ओळखता यावे म्हणून. विचारले, "आजोबा, तुमचे आजोबा कुठे राहायचे?"

कोंडाजींनी आजच्या घरांवर बोट ठेवले. "हितंच."

मग राहीबाईंना विचारले, "तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा वाडी कुठे होती?"

राहीबाईंनी पलीकडच्या पठारावर बोट टेकवले. "हितंच की."

समितीतल्या एका गृहस्थांनी गाव नकाशा काढला, झऱ्याजवळच्या झोपड्या दाखवल्या आणि म्हणाले, "आणि ह्या कुणाच्या?"

"आमच्याच," कोंडाजी म्हणाले. "आमी हितंच असतो."

"तीन ठिकाणं, आणि तिन्ही हितंच," ते गृहस्थ म्हणाले. दोघेतिघे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी इंची नकाशा माझ्या नकाशाशेजारी ठेवला. "मूळ नकाशात टिंब पठारावर आहे. तुमच्यात ते घरांवर आलं. हे कुणी हलवलं?"

मी उभा राहिलो आणि "मी" म्हणालो. 

त्यांनी दावा फेटाळला नाही, याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत. सहा आठवडे दिले. बाहेर आल्यावर राहीबाई म्हणाल्या, "सायब, आमी काय खोटं बोललो का?" मी म्हणालो, "नाही. चूक माझी आहे." त्यांना ते पटलेले दिसले नाही. त्यांना वाटत होते की मी त्यांच्यावर रागावलो आहे.

१७ एप्रिल

काही केले नाही.

हर्षदचा फोन. बदलापूरला कायमचे या म्हणतो. त्याला आणि सूनबाईला माझी मदत होईल, असे म्हणाला. मुलगा एकच आणि तोही समजूतदार आहे. जूनपर्यंत येतो, असे कळवले.

२३ एप्रिल

आज आखाडेवाड्यावर गेलो. हा डोंगर मी नकलांमध्ये वीसेक वेळा काढला असेन, वर मात्र कधी गेलो नव्हतो. पोलादपूरपर्यंत एसटी, करंजदऱ्यापर्यंत जीप, मग अडीच तास चढ. निशिगंधा पुढे, मी मागे.

घरे लागली. पाचही बंद. दाराला कड्या आणि अंगणात पालापाचोळा. मला वाटले लोक सोडून गेले. निशिगंधाही गोंधळली. ती आजवर पावसाळ्यात नाहीतर दसऱ्याच्या आसपासच आली होती. पुढे वाट उतरत होती, तिने गेलो. वीस मिनिटांवर झरा लागला. तिथे कारवीच्या कुडाच्या खोपी, म्हशी, चुलीचा धूर, सगळी माणसे.

राहीबाई म्हशीचे दूध काढत होत्या. मला बघून म्हणाल्या, "सायब, चौतीस वर्सं तुमी आमचा डोंगर काढलात, आन वाट इचारत येताव?"

मी म्हणालो, "घरं बंद दिसली."

"मग? उनाळ्यात तितं पाणी कुठं हाय? पाऊस लागला की वर जाऊ."

"आणि पठारावर?"

"ते थंडीत. दिवाळी झाली की गवत तितंच."

मी विचारले, "मग वाडी नेमकी कुठं आहे?"

त्यांनी हात धुतला. "तुमचं घर कुठं हाय?"

"महाडला. तुम्ही आला होतात."

"व्हय. पन घरात कुठं ऱ्हाताव? जेवता तितं का निजता तितं?"

निशिगंधा हसली. राहीबाई थट्टाच करत होत्या, पण मी सरळ उत्तर दिले. "पुढच्या खोलीत."

"आन मागं?"

"मागं जात नाही. स्वयंपाकघर तिचं होतं."

त्या उठल्या. ताकाचा मोठा गडू माझ्यापुढे आणून ठेवला आणि पिऊन होईपर्यंत समोर बसून राहिल्या. एक घोट राहिला होता तोही पाजला. ही माणसे पाहुण्याचे फार करतात.

कोंडाजींनी हाताने तिन्ही बाजू दाखवल्या. पावसात वारा पठारावर माणूस उभा राहू देत नाही, म्हणून दांडाच्या आडोशाला, जिथे आज पत्र्याची घरे आहेत तिथे. थंडीत पठार. उन्हाळ्यात झरा. "बाप असाच फिरला, त्याचा बाप बी असाच. आमी डोंगर कुठं सोडलाय? हितंच हाव."

उतरताना गुडघे फार दुखले. मन हलके होते.

२४ एप्रिल

सकाळी उठून इंची नकाशाचा समास वाचला. चौतीस वर्षांत समास कधी कोणी वाचला नाही. मोजणी: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. गाव नकाशाच्या कोपऱ्यात, बुरशीच्या डागाखाली, बारीक अक्षरात: मे.

थंडीत आलेल्याने वाडी पठारावर पाहिली, तिथे टिंब दिले. मे महिन्यात आलेल्याने झऱ्याजवळ झोपड्या पाहिल्या, तिथे खुणा केल्या. दोघेही बरोबर. त्या शंभर वर्षांपूर्वीच्या मोजणीदाराला मी चुकीचा ठरवले होते. त्याची मनातल्या मनात माफी मागितली.

आणि आजची घरे कोणत्याच जुन्या नकाशात नाहीत, कारण पावसाळ्यात मोजणीदार कधी डोंगरात गेलाच नाही. आम्हीही जात नव्हतो. जून लागला की मोजणीची साखळी आणि टेबले कार्यालयात जमा व्हायची.

निशिगंधाला हाक मारून सांगितले. ती कुंपणापाशी उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "काका, आज तुम्ही एका दमात किती बोललात."

३० एप्रिल

पण तीन जागा एकाच वाडीच्या, हे दाखवायचे कसे? तीन वेगळ्या वाड्या असतील असे कोणीही म्हणेल. नाव एकाच टिंबाला आहे.

चार दिवस एकेका खुणेकडे बघत होतो. ती पद्धतच चुकीची. वस्तू एकटी जुळवली की फसगत होते. तिच्या शेजारी काय आहे, तिथून कुठे जाता येते, हे सगळे घेऊन जुळवावी लागते. तसे बघितल्यावर वाट दिसली. इंची नकाशात पठारावरच्या टिंबापासून एक तुटक रेघ निघते, खिंडीतून दांडाच्या आडोशाला येते आणि ओढ्यापाशी संपते. गाव नकाशात झऱ्याजवळच्या झोपड्यांपासून एक पायवाट निघते आणि दांडाच्या आडोशाला येऊन वर खिंडीकडे जाते. दोन्ही वाटा एकच आहेत. खिंडीपासून आडोशापर्यंतचा तुकडा दोन्हींवर लाल दोरा ठेवून मोजला, लांबी शंभरएक पावलांच्या फरकाने जुळली. ही वाट करंजदऱ्याला जात नाही, दुसऱ्या कोणत्या वाडीलाही जात नाही. फक्त या तीन जागा जोडते. तिच्यावरून या माणसांशिवाय आणि म्हशींशिवाय कोण चालणार?

आजची घरे कोणत्याही नकाशात नसली तरी दोन्ही नकाशांत वाट त्यांच्या अंगणातून जाते.

हिच्या दोऱ्यात गाठी नव्हत्या. रीळ नीट गुंडाळून ठेवायची तिची सवय. आज ती उपयोगी पडली.

४ मे

स्वयंपाकघर झाडले. डबे पुसले. चहा केला, साखर जास्त पडली. मागच्या दाराशी उजेड चांगला येतो, म्हणून टेबल तिथे हलवले. नकाशाच्या कामाला उजेड लागतोच.

२७ मे

दुसरी सुनावणी. या वेळी मी लेखी दिले की पहिल्या नकाशात टिंब मी हलवले, मोजणीदाराची चूक समजून, आणि ते चुकीचे होते. मग तिन्ही जागा, दोन्ही समास आणि वाट, एवढे समजावून सांगितले. कार्यालयातल्या सगळ्या नोकरीत मी सभेत बोललो नव्हतो. बाईंनी मध्ये तोडले नाही. शेवटी त्यांनी स्वतः दोरा मागितला आणि वाट मोजून पाहिली.

पहिल्या वेळचे ते गृहस्थ म्हणाले, "कागदावर ठीक आहे. प्रत्यक्ष पाहणी करावी लागेल. नेहमीप्रमाणे डिसेंबरात ठेवू."

राहीबाई मागून उठल्या. "डिसेंबरात आलात तर घरं बंद दिसतील, सायब. मग परत लिवाल, वाडी नाय म्हणून."

"मग कधी यायचं?"

"आखाड लागला की या. आमी तितंच असतू."

"पावसात? त्या डोंगरात?"

"आमी ऱ्हातो की. तुमाला एकच दिवस यायचंय."

गृहस्थांनी बाईंकडे पाहिले. बाई म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. जे पावसातच दिसतं ते पावसातच पाहायला हवं. जुलै लिहा."

बाहेर कोंडाजींनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. हातावर अजून दुधाचा वास आहे.

१० जून

हर्षदला कळवले की जुलैची पाहणी आहे, तोवर येता येणार नाही. तो म्हणाला, "बाबा, तुमचा आवाज बरा वाटतोय. सावकाश या." त्यांना माझी मदत लागणार होती, तरी त्याने समजून घेतले.

१८ जुलै

पाहणी झाली.

बाई, ते गृहस्थ, वनपाल, तलाठी, निशिगंधा आणि मी. पाऊस असा की पुढच्या माणसाची पाठ दिसत नव्हती. ओढा ओलांडताना रायबाने दोर बांधला. तो बिरवाडीहून रजा घेऊन आला होता. ते गृहस्थ दोनदा घसरले. राहीबाई त्यांना म्हणाल्या, "दमानं, सायब. तुमी पडलात तर आमचा कागद भिजंल." त्यांना राग आला नाही, तेही हसले.

आडोशाची घरे उघडी होती. पाचही घरांत चुली पेटलेल्या, म्हशी गोठ्यात, पोरे दारात. दहा पावले पुढे दांडावर गेलो तर वाऱ्याने छत्री उलटली आणि वनपालांची टोपी गेली. पुन्हा मागे आलो तर वारा नाही. वेगळे काही सांगावे लागले नाही. वनपाल कोंडाजींना म्हणाले, "तुमच्या आजोबांना अक्कल होती, बाबा."

"व्हती," कोंडाजी म्हणाले. "टोपी नव्हती."

पंचनामा गोठ्यात बसून लिहिला, कारण तिथेच कोरडे होते. जीपीएस यंत्रावर तिन्ही जागा नोंदवल्या. पठारावर आणि झऱ्यावर वनपाल आणि रायबा जाऊन आले. वाट पावसातही मोडलेली नव्हती. पहिल्यांदाच कोणीतरी पावसात इथे मोजणी केली, आणि मला तिथे असता आले.

राहीबाईंनी नाचणीची भाकरी आणि तव्यावरचे सुके मासे वाढले. मला दोनदा विचारले, "आता कुठं ऱ्हाताव?" मी म्हणालो, "स्वयंपाकघरातही बसतो." त्यांनी तिसरी भाकरी वाढली.

२६ जुलै

समितीने दावा मान्य करण्याची शिफारस वर पाठवली. पुढची सही जिल्ह्याची. निशिगंधा म्हणते, इथवर आलेला दावा सहसा परत येत नाही. रायबाने कारखान्यात सांगून ठेवले आहे की दिवाळीनंतर तो पठारावर जाईल.

शिफारशीसोबत अंतिम नकाशा हवा होता. तो आज पूर्ण केला. शेवटी नाव लिहायचे राहिले. तिन्ही जागांच्या खुणा आहेत, त्यांतली आखाडेवाडा कोणती? पावसाळी घरांना नाव द्यावे तर पठार आणि झरा परके होतात. तिन्ही ठिकाणी एकच नाव लिहावे तर वाचणारा तीन वाड्या समजेल. दुपारपर्यंत पेन धरून बसलो होतो.

मग आठवले की डोंगररांगेचे किंवा नदीचे नाव आपण एका जागी लिहीत नाही. ते जिथून जिथवर असते तिथवर अक्षरे लांब लांब ठेवतो. वस्तीचे नाव असे कोणी लिहीत नाही. मी लिहिले. "आ" पठारावर, "खा" खिंडीत, "डे" घरांपाशी, "वा" उतारावर, "डा" झऱ्याजवळ.

कोंडाजी आणि राहीबाई सह्या-अंगठ्यांसाठी खाली आले होते. त्यांना मागे स्वयंपाकघरातच बसवले, चहा मी केला. कोंडाजींनी विचारले, "हे इतकं लांब लांब चितारलंय ते काय?"

"तुमच्या वाडीचं नाव."

त्यांनी बोटाने पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत रेघ ओढली, हळूहळू, मध्ये खिंडीत थोडे थांबून. त्यांना वाचता येत नाही, पण बोट वाटेवरून एकदाही बाजूला गेले नाही.

राहीबाई म्हणाल्या, "बरं केलंत. आता नाव वाचायला बी चालाय लागंल."

कोंडाजींनी अंगठा दिला. शाई वाळेपर्यंत कागद मी दोन्ही हातांत धरून बसलो. मग नकाशाखाली तयार करणाऱ्याच्या जागी माझे नाव लिहिले.